दवाखान्याच्या खर्चावर मतदान : टक्का दिसतो, मेख व्याख्येत असते

गावात दारूचे दुकान ठेवायचे की बंद करायचे यावर मतदान होते, हे तुम्हाला नवे नाही. महिला अर्ज देतात, तारीख पडते आणि शिक्का उभ्या बाटलीवर मारायचा की आडव्या, एवढाच प्रश्न उरतो. आता असेच मतदान दवाखान्याच्या खर्चावर घेतले तर? ‘दवाखान्याला मिळणाऱ्या पैशांतले शंभरातले नव्वद रुपये रुग्णांच्या सेवेवरच खर्च झाले पाहिजेत. होय की नाही?’ तुम्ही काय म्हणाल? बहुतेकजण लगेच ‘होय’ म्हणतील. रुग्णांचा पैसा रुग्णांवर खर्च व्हावा, याला कोण नाही म्हणणार!

पण बाटलीचा प्रश्न आणि दवाखान्याचा प्रश्न यांत मोठा फरक आहे. दुकान एक तर चालू असते नाहीतर बंद. दवाखान्यात ‘रुग्णसेवा’ कशाला म्हणायचे, तिथूनच वाद सुरू होतो. डॉक्टरचा पगार रुग्णसेवा, हे कुणीही मान्य करील. पण रुग्णाला वाडीवरून आणणाऱ्या गाडीचे डिझेल? औषधांच्या साठ्याची नोंद ठेवणारा कारकून? गळके छप्पर दुरुस्त करणारा गवंडी? ही माणसे आणि हे खर्च कोणत्या खान्यात लिहायचे, यावर दवाखाना चालतो की बंद पडतो हे ठरते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अशी मतदाने खरोखर होतात. २०१८ पासून तिथे ही लढाई चालू आहे. ती साता समुद्रापलीकडची असली तरी सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक मंडळींनी समजून घ्यावी अशी आहे. कारण खर्च टक्क्यांत बांधण्याचा अनुभव आपल्या ग्रामपंचायतींनीही घेतला आहे. त्याकडे शेवटी येऊच.

तिथली रीत काय?

कॅलिफोर्नियात १९११ सालापासून लोकांना स्वतः कायदा सुचवण्याचा हक्क आहे. आधीच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत जेवढी मते पडली, त्यांच्या पाच टक्के मतदारांच्या सह्या आणल्या की कायद्याचा प्रस्ताव मतदानाला येतो. राज्याची घटना बदलायची असेल तर आठ टक्के सह्या लागतात. २०२६ सालासाठी पाच टक्क्यांचा हा आकडा ५ लाख ४६ हजार ६५१ आहे. एवढ्या सह्या घरोघर फिरून हौशी कार्यकर्ते गोळा करतात असे समजू नका. बहुतेक वेळा प्रत्येक सहीमागे पैसे मोजून माणसे लावली जातात. म्हणजे हक्क सगळ्या लोकांचा, पण तो वापरायचा तर गाठीला दमडा हवा. कंपन्या, कामगार संघटना, घरमालकांच्या संघटना असे ज्यांचे हात पोहोचतात तेच प्रस्ताव आणतात.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. मतदानाआधी सरकार प्रत्येक मतदाराला माहितीपुस्तिका पाठवते. प्रस्तावाचा राज्याच्या तिजोरीवर काय परिणाम होईल, याचे स्वतंत्र विश्लेषण तीत छापलेले असते. दोन्ही बाजूंचे म्हणणेही त्यात असते.

आणि एक गोष्ट फार कठीण आहे. लोकांनी मताने केलेला असा कायदा विधिमंडळाला आपल्या मनाने बदलता येत नाही. प्रस्तावातच तशी मुभा ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पुन्हा लोकांपुढे जावे लागते. त्यामुळे एखाद्या शब्दाची व्याख्या चुकीची लिहिली गेली तर ती चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. हे ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

शेतमजुरांचे दवाखाने

हा प्रश्न कुणाच्या पोटाशी येतो तेही पाहू. कॅलिफोर्निया म्हटले की आपल्याकडे संगणकाच्या कंपन्या आठवतात. पण राज्याच्या मधोमध मोठे खोरे आहे. फ्रेस्नो, टुलारे, मडेरा, केर्न हे तिथले शेतीचे जिल्हे. द्राक्षे, बदाम, संत्री, दूध ही तिथली पिके आणि धंदे. तोडणीला आणि छाटणीला राबणारे बहुतेक मजूर मेक्सिकोकडून आलेले. त्यांतल्या काहींना तर स्पॅनिशही नीट येत नाही. ते मिस्तेक या आपल्या डोंगरी मुलखाच्या बोलीत बोलतात. मेळघाटातला कोरकू बोलणारा किंवा नंदुरबारकडचा पावरी बोलणारा माणूस मराठी डॉक्टरपुढे बसल्यावर जी अडचण होते, तीच तिथे होते.

अशा लोकांसाठी अमेरिकेत ना-नफा तत्त्वावरचे सामुदायिक दवाखाने आहेत. फिरत्या शेतमजुरांच्या आरोग्यासाठी तिथल्या केंद्र सरकारने १९६२ मध्ये कायदा केला, आणि १९६५ पासून गरीब वस्त्यांत असे दवाखाने उभे राहू लागले. केंद्राचे अनुदान घेणाऱ्या या दवाखान्यांना दोन अटी पाळाव्या लागतात. एक, पैसे नाहीत म्हणून कुणालाही परत पाठवायचे नाही. फी उत्पन्न पाहून घ्यायची. दुसरी अट जास्त महत्त्वाची : दवाखान्याच्या संचालक मंडळात निम्म्याहून अधिक सदस्य त्याच दवाखान्यात उपचार घेणारे रुग्ण असले पाहिजेत.

या दवाखान्यांचा पैसा येतो कुठून? मुख्यतः ‘मेडी-कॅल’ या गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यातून. राज्यातले साधारण एक तृतीयांश लोक या विम्याखाली आहेत. डॉक्टर, दंतवैद्य यांच्याकडे रुग्णाची एक भेट झाली की दवाखान्याला ठरलेली रक्कम मिळते. दुभाषा बसला, गाडी पाठवली, घरी जाऊन चौकशी केली, तर त्याचे वेगळे पैसे सहसा मिळत नाहीत. ते त्याच रकमेतून काढावे लागतात. आणखी एक आधार म्हणजे १९९२ पासूनची औषध-सवलत योजना. औषध कंपन्यांनी अशा दवाखान्यांना स्वस्त दरात औषध द्यायचे, विम्याकडून दवाखान्याने नेहमीचा दर घ्यायचा आणि मधला फरक दवाखान्याच्या कामाला वापरायचा. या फरकावरच पुढे एक मोठा सामना झाला.

डायलिसिसचा सामना, तीनदा

पहिला सामना या दवाखान्यांचा नव्हता. तो डायलिसिस केंद्रांचा होता. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून साधारण तीन वेळा, दर वेळी तीन-चार तास यंत्रावर पडून राहावे लागते. दोन वेळा चुकल्या तर जिवावर बेतते. या धंद्यात दाविता आणि फ्रेझेनियस या दोन कंपन्यांचा वरचष्मा आहे.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या एका मोठ्या कामगार संघटनेने २०१८ मध्ये प्रस्ताव क्र. ८ आणला. प्रत्यक्ष रुग्णसेवेवर आणि सेवा सुधारण्यावर जेवढा खर्च होतो, त्याच्या ११५ टक्क्यांपेक्षा जास्त उत्पन्न केंद्राने ठेवायचे नाही. वरचे परत करायचे, असा त्याचा आशय. संघटनेचे म्हणणे असे, की कंपन्या भरमसाट नफा काढतात आणि केंद्रांत माणसे कमी ठेवतात. कंपन्यांचे म्हणणे असे, की ११५ टक्के ज्यावर मोजायचे त्या ‘प्रत्यक्ष रुग्णसेवे’त अनेक आवश्यक खर्च धरलेलेच नाहीत, केंद्रे बंद पडतील आणि रुग्ण वाऱ्यावर सुटतील. प्रस्ताव पाडण्यासाठी कंपन्यांनी ११ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला. जवळजवळ ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले.

संघटना गप्प बसली नाही. २०२० मध्ये प्रस्ताव क्र. २३ आणि २०२२ मध्ये प्रस्ताव क्र. २९ आला. या वेळी टक्केवारी सोडून दिली होती. उपचार चालू असताना केंद्रात डॉक्टर हजर हवा (दुसऱ्या वेळी डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका वगैरे चालेल), आणि राज्याच्या परवानगीशिवाय केंद्र बंद करायचे नाही, अशा अटी होत्या. दोन्ही पडले. विरोधी मते ६३ टक्के आणि मग ६८ टक्के.

यात खरे-खोटे कोण, हे बाजूला ठेवा. रुग्णाच्या बाजूने हिशेब करा. तीन निवडणुका झाल्या, कोट्यवधी डॉलर जाहिरातींत गेले आणि त्यातून एकही नवे यंत्र बसले नाही. नफ्याबद्दलची तक्रार जिथे होती तिथेच राहिली. केंद्र बंद पडेल ही भीती मात्र घरोघर पोहोचली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर जाणाऱ्या माणसाला ‘तुझे केंद्र बंद होईल’ असे सांगितले की तो बाकी काही ऐकत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

नाव न घेता एकालाच बांधणे

२०२४ मध्ये प्रस्ताव क्र. ३४ आला. वर सांगितलेल्या औषध-सवलतीतून मिळणाऱ्या पैशांतले ९८ टक्के थेट रुग्णसेवेवर खर्च करावेत, असे तो म्हणत होता. ऐकायला किती चांगले! पण ही अट सगळ्यांना नव्हती. दहा वर्षांच्या काळात १० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम रुग्णसेवेव्यतिरिक्त इतर गोष्टींवर खर्च केलेली आणि शिवाय ५०० हून अधिक गंभीर नियमभंग नोंदले गेलेल्या भाड्याच्या इमारती चालवणारी, अशा संस्थांनाच ती लागू. दवाखाने चालवणारी आणि वर भाड्याच्या चाळी चालवणारी संस्था किती असणार? सगळ्यांची बोटे एकीकडेच गेली : लॉस एंजेलिसची ‘एड्स हेल्थकेअर फाउंडेशन’.

या संस्थेने घरभाडे नियंत्रणासाठी २०१८, २०२० आणि २०२४ असे तीनदा प्रस्ताव आणले होते. प्रस्ताव क्र. ३४ च्या मागे होती घरमालकांची संघटना. म्हणजे भांडण घरभाड्याचे आणि काठी दवाखान्याच्या खर्चाची. संस्थेने दवाखान्याच्या योजनेतला पैसा राजकारणात घालावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारे सगळेच घरमालक नव्हते. पण मतदाराच्या हातात आलेल्या कागदावर घरभाड्याचा झगडा दिसत नव्हता. ‘रुग्णांचा पैसा रुग्णांवर’ एवढेच दिसत होते. प्रस्ताव ५०.९ टक्के मतांनी निसटता मंजूर झाला. त्याच दिवशी भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव क्र. ३३ पडला.

नव्वद टक्क्यांची गोष्ट

डायलिसिसवाल्या कामगार संघटनेने पुढे सामुदायिक दवाखान्यांकडे मोर्चा वळवला. दवाखान्यांनी उत्पन्नाचा ९० टक्के भाग रुग्णसेवेच्या मूळ कामावर खर्च करावा, असा प्रस्ताव तिने २०२६ च्या निवडणुकीसाठी पुढे आणला. दवाखान्यांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. संघटना म्हणते, सरकारी पैशांवर चालणाऱ्या दवाखान्यांत वरच्या साहेबांचे पगार वाढतात आणि खालच्या कर्मचाऱ्याला टिकता येत नाही. हिशेब लोकांपुढे आला पाहिजे. दवाखाने म्हणतात, हिशेब आम्ही केंद्राला देतोच. हा फास बसला तर लहान दवाखाने आधी मरतील.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आपण एक साधे गणित करून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका आडगावच्या दवाखान्याचे वर्षाचे उत्पन्न १ कोटी आहे. हिशेबनीस, लेखापरीक्षण, संगणक, विमा, इमारतीची डागडुजी, व्यवस्थापक यांवर १५ लाख जातात. म्हणजे १५ टक्के. दुसरा दवाखाना शहरातला, उत्पन्न २० कोटी. त्याला हिशेबनीस वीसपट लागत नाहीत. त्याचा हा खर्च समजा १ कोटी ६० लाख, म्हणजे ८ टक्के. आता ‘वरखर्च १० टक्क्यांच्या आत’ असा नियम लावा. शहरी दवाखाना काहीही न बदलता पास. आडगावच्या दवाखान्याला ५ लाख कापायचे आहेत. कुणाला काढणार? डॉक्टरला काढता येत नाही, कारण भेटीमागे पैसे त्याच्याच कामावर मिळतात. मग जाणार हिशेबनीस नाहीतर दुरुस्तीचा पैसा. हिशेबनीस गेला की पुढच्या वर्षी अनुदानाचे कागद वेळेवर जाणार नाहीत. म्हणजे साहेबांचे पगार आवरायला काढलेला नियम शहरातल्या साहेबाला सोडून आडगावच्या कारकुनाच्या मुळावर येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

उलट बाजूही बघा. ‘रुग्णसेवा’ शब्द ढिला ठेवला तर व्यवस्थापकाची गाडीसुद्धा रुग्णसेवेत लिहिता येते. टक्का पूर्ण, कागद स्वच्छ, रुग्ण मात्र बाहेर रांगेत उन्हात. तात्पर्य, ९० म्हणा, ९८ म्हणा की ११५ म्हणा, आकडा काहीच सांगत नाही. कोणता खर्च कोणत्या खान्यात, हे लिहिणारा हात कुणाचा, यात सगळी मेख आहे. आणि कॅलिफोर्नियात हा हात बहुधा प्रस्ताव आणणाऱ्याच्या वकिलाचा असतो. रांगेत बसणाऱ्याचा नसतो.

मत पडले, पैसा कुठे आहे?

खर्च बांधण्याचे प्रस्ताव झाले, तसे पैसा आणण्याचेही प्रस्ताव होतात. मडेरा जिल्ह्यातले प्रौढांसाठीचे एकमेव सर्वसाधारण रुग्णालय जानेवारी २०२३ मध्ये बंद पडले आणि लोकांना फ्रेस्नो गाठावे लागले. मेडी-कॅलचे दर परवडत नाहीत ही तक्रार त्यामागे होती. ते रुग्णालय पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२५ उजाडला. अशा पार्श्वभूमीवर २०२४ मध्ये प्रस्ताव क्र. ३५ आला. आरोग्य विमा योजना चालवणाऱ्या कंपन्यांवरचा कर कायमचा करावा आणि तो पैसा मेडी-कॅलच्या रुग्णांना सेवा देणाऱ्यांसाठीच राखून ठेवावा, असा. सुमारे ६८ टक्के लोकांनी ‘होय’ म्हटले. पण या कराला केंद्र सरकारची मान्यता लागते, आणि जुलै २०२५ मधल्या केंद्रीय कायद्याने राज्यांना असे कर लावण्याच्या वाटा आवळल्या. लोकांनी विहिरीला कुलूप लावले, पण पाण्याचा झरा दुसऱ्याच्या शेतातून येत होता.

याच केंद्रीय कायद्याने गरिबांच्या विम्याच्या पैशाला कात्री लावल्यावर सांता क्लारा जिल्ह्याने वेगळी वाट धरली. सॅन होजे, सनीवेल, कूपर्टिनो ही गावे याच जिल्ह्यात. आपल्या तालुक्यांतून संगणकाच्या नोकरीला गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे तिथे राहतात. जिल्ह्याची स्वतःची सरकारी रुग्णालये आहेत. ती टिकवण्यासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘मेजर ए’ हा प्रस्ताव आला : पाच वर्षांसाठी विक्रीकरात शंभर डॉलरला साडेबासष्ट सेंट वाढ. सुमारे ५७ टक्के मतांनी तो मंजूर झाला.

इथेही एक गोम आहे. कॅलिफोर्नियात सरकारने अशा विशिष्ट कामासाठी बांधलेला कर आणला तर दोन तृतीयांश मते लागतात. सर्वसाधारण कराला निम्म्याहून अधिक पुरतात. ५७ टक्क्यांत बसायचे म्हणून हा कर सर्वसाधारण ठेवला गेला. म्हणजे पैसा रुग्णालयांसाठी म्हणून मागितला, पण कायद्याने तो रुग्णालयांना बांधलेला नाही. दरवर्षी जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी शब्द पाळला पाहिजे, आणि लोकांनी तो पाळून घेतला पाहिजे.

मिझुरी या शेतीप्रधान राज्याचा अनुभव तर याहून कडू. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या ५३ टक्के मतदारांनी गरिबांच्या विम्याची व्याप्ती वाढवायला मंजुरी दिली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने त्यासाठी पैसाच दिला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! जुलै २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा गाडी पुढे सरकली. मत पडल्यापासून वर्षभर माणसे ताटकळली.

आपले बंधित-अबंधित

आता आपल्या गावाकडे या. आपल्याकडे दवाखान्याच्या खर्चावर मतपेटी ठेवत नाहीत. पण टक्क्यांनी बांधलेला पैसा तुम्ही चांगला ओळखता. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामपंचायतीच्या अनुदानातले ६० टक्के बंधित होते, ते पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित. पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही, अशी अट. ज्या गावात पाण्याची योजना नीट चालते पण उपकेंद्राकडे जायचा रस्ता पावसाळ्यात तुटतो, त्या गावच्या सरपंचाला टक्केवारीचा जाच वेगळा सांगायला नको. आणि ज्या गावात हा बंध नसता तर पाण्याचा पैसा कमानीवर आणि पेव्हर ब्लॉकवर गेला असता, तिथल्या बायकांना बंधाचा फायदाही सांगायला नको. बंध वाईट नाही, मोकळीकही वाईट नाही. गावाची गरज आणि बंधाची व्याख्या जुळते का, एवढाच प्रश्न.

याच आयोगाने आरोग्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वाट्याला देशभरात ७० हजार ५१ कोटी रुपयांचे वेगळे अनुदान सुचवले होते. उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्यांच्या इमारती, तपासणीची साधने यांसाठी. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून गावपातळीवर आरोग्य, पोषण व पाणीपुरवठा समितीच्या अबंधित निधीची सोय आहे. वर्षाला दहा हजार रुपये ही त्याची रीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे. रकमा लहान वाटतील, पण उपकेंद्रातला दिवा, बाळंतिणीच्या खाटेवरची गादी, वजनकाटा, अडल्या वेळेची गाडी या गोष्टी अशाच पैशातून होतात.

आणि आपल्या हाती एक गोष्ट अशी आहे, जी कॅलिफोर्नियाच्या मतदाराकडे नाही. तिथे मताने लिहिलेली व्याख्या बदलायला पुन्हा लाखो सह्या लागतात. आपल्या ग्रामसभेचा ठराव पुढच्या ग्रामसभेत सुधारता येतो. यंदा गाडीला पैसे ठेवले, गाडी मिळाली नाही, तर पुढच्या वेळी ते दुसरीकडे वळवता येतात. तिथे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच खाने. आपल्याकडे उठून ‘होय, पण असे नको, तसे करा’ म्हणता येते. हा हक्क फुकट मिळालेला आहे म्हणून आपण त्याला किंमत देत नाही. ग्रामसभेला कोरम नाही म्हणून तहकूब, आणि मग रजिस्टरवर घरोघर सह्या, हे किती गावांत चालते ते तुम्हीच मनाशी आठवा.

महाराष्ट्राने याचा चांगला नमुनाही पाहिला आहे. २००७ पासून पुणे, अमरावती, नंदुरबार, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच उपकेंद्राला, आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, फळ्यावर लावायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचे. त्यात मतपेटी नव्हती. रांगेत बसणारा माणूस मात्र होता.

पुढच्या सभेत एवढे विचारा

मंडळी, नुसते ‘आरोग्यावर किती खर्च झाला’ असे विचारू नका. आकडा सांगून तुमची बोळवण होईल. त्याऐवजी ही पाच विचारणी करा.

पहिली : आरोग्याच्या नावाखाली कोणकोणते खर्च धरले आहेत? यादी वाचून दाखवा. फलक रंगवणे, चहापाणी, बैठकीचा मंडप हे त्यात आहे का?

दुसरी : कोणता खर्च आरोग्याचा असूनही धरला नाही? रात्रीच्या गाडीचे भाडे, आशाताईंच्या प्रवासाची सोय, उपकेंद्राचे वीजबिल?

तिसरी : समितीत प्रत्यक्ष उपकेंद्रात जाणारी माणसे किती? गरोदर बाई, साखरेचा वा रक्तदाबाचा रुग्ण, वाडीवरचा मजूर यांतले कुणी आहे का, की सगळे खासगी दवाखान्यात जाणारेच बसले आहेत?

चौथी : पैसा कुठून येतो आणि कधी येतो? वर्षाच्या शेवटी मार्चमध्ये आला तर तो घाईत कुठे जातो?

पाचवी : मागच्या ठरावाचे काय झाले? न झालेले काम का झाले नाही, हे इतिवृत्तात लिहा.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या तोंडी अजून ‘ग्रामसेवक’ असलेल्या भाऊंनी, ही विचारणा अंगावर आल्यासारखी घेऊ नये. यादी एकदा फळ्यावर लागली की निम्मा संशय आपोआप जातो. कॅलिफोर्नियातल्या दवाखान्यांनी आपला हिशेब लोकांना कळेल अशा भाषेत आधीच गावोगाव मांडला असता, तर टक्क्याची काठी उगारणाऱ्यांना तेवढी जागा मिळाली नसती.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या आहेत. झेंडावंदन झाले की लाडू घेऊन घरी जायची सवय आपल्याला आहे. या खेपेस अर्धा तास जास्त थांबा. येताना सुईणीचे काम केलेल्या म्हातारीला, गोळ्या आणायला दर महिन्याला तालुक्याला जाणाऱ्या शेजाऱ्याला सोबत आणा. ‘रुग्णसेवा’ या शब्दाखाली काय लिहायचे, ते त्यांना विचारून लिहा.